आधी छप्पर, मग भिंत, शेवटी बाग : जुनं घर स्वतः दुरुस्त करण्याचा क्रम

जुन्या घराच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसा खातं ते दोनदा केलेलं काम. रंग लावून होतो आणि मग लक्षात येतं की भिंतीतला नळ गळतोय. फरशी बसते आणि मग न्हाणीघराचा पाइप बदलावा लागतो. वाफे तयार होतात आणि त्यांच्यावरूनच वाळूची घमेली न्यावी लागतात. कमी खर्चात काम करायचं असेल तर सामानाच्या भावापेक्षा कामांचा क्रम जास्त महत्त्वाचा आहे: वरून खाली, बाहेरून आत, आणि ओली कामं कोरड्या कामांच्या आधी. पुढचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. तुमच्या घरात एखादा टप्पा लागू नसेल तर तो सोडा, पण क्रम उलटा करू नका.

१. पहिला आठवडा : काहीही फोडू नका

वही, टेप, खडू आणि स्क्रूड्रायव्हर एवढंच घेऊन घर फिरा. प्रत्येक खोलीचा हाताने नकाशा काढा, मापं लिहा आणि दोष जिथे दिसेल तिथे त्यावर खूण करा.

सुरुवात ओलीपासून करा, कारण ओल सगळीकडे सारखी दिसत असली तरी तिची कारणं वेगळी असतात आणि इलाजही वेगळे. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या पायथ्याशी सलग पट्ट्यासारखी दिसते. ती बहुधा मीटरभर उंचीपर्यंत चढते आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुटतो. बाहेरून झिरपणाऱ्या पाण्याचा डाग एकाच जागी असतो आणि पाऊस झाला की गडद होतो. आतला पाइप गळत असेल तर डागाला हवामानाशी देणंघेणं नसतं, तो बारमाही असतो. चौथा प्रकार हवेतल्या वाफेचा: गार भिंतीवर, कपाटामागे, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. शंका असेल तर हातभर रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली वाफ आहे आणि इलाज वायुवीजनाचा. भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतूनच येतंय.

गळती शोधायला मीटर पुरेसा असतो. सगळे नळ बंद करा, टाकी भरलेली असू द्या, मीटरचा आकडा लिहा आणि दोन तास पाणी वापरू नका. आकडा पुढे सरकला तर टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह आणि फ्लशची टाकी आधी तपासा. तिथे काही नसेल तर गळती पाइपात आहे. टाकीच्या पुढची गळती मात्र मीटरवर लगेच दिसत नाही. ती पकडायची तर टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करा.

भेगा बघताना रुंदीपेक्षा आधी दिशा बघा. जाळीसारख्या, केसाएवढ्या भेगा गिलावा आकसल्याच्या असतात, त्यांची काळजी नको. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग मात्र पाया खचत असल्याचं लक्षण असू शकते. अशी भेग ३ मिमीपेक्षा रुंद असेल किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तिच्यात काहीही भरू नका. भेग अजून हलते आहे का हे कळण्यासाठी तिच्यावर आडवी पट्टीभर प्लास्टर ऑफ पॅरिस लावून तारीख लिहा. ती पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. काँक्रीटच्या छतावर गंजाचे तपकिरी डाग किंवा सळईच्या रेषेत सरळ भेगा असतील तर आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. त्यावर वरवर सिमेंट थापलं तर ते वजनासकट डोक्यावर पडतं.

शेवटी स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने भिंतींवर टकटक करत जा. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे गिलावा विटेपासून सुटलेला आहे. खडूने वर्तुळ करा. चौकटींच्या तळाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. जोत्याजवळ मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. नळ्या पुसून समाधान मानू नका, जमिनीतल्या वसाहतीवर उपचार करून घ्या.

२. कोणतं काम तुमचं नाही

ही यादी छोटी आहे, पण तिच्यात तडजोड नको. भार घेणारी भिंत, गॅसची लाइन, विजेचा मुख्य बोर्ड आणि मीटरकडून येणारी केबल या गोष्टी परवानाधारक माणसाकडेच द्या. भिंत भार घेते की नाही हे जाडीवरून ठरवू नका. तिच्यावर तुळई, स्लॅबची कड किंवा वरच्या मजल्याची भिंत टेकलेली असेल तर ती भार घेते. खात्री नसेल तर घेते असंच धरा.

दोन जुन्या विषारी गोष्टी ओळखायला शिका. सिमेंटचे जुने पन्हळी पत्रे, जुन्या पाइपांवरचं उष्णतारोधक वेष्टन आणि काही जुन्या व्हिनाइल फरश्या यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. अशा वस्तूला भोक पाडू नका, करवत लावू नका, खरडू नका. ती अखंड असेल तर जागच्या जागी राहू देणं हाच पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग असतो. दुसरी गोष्ट, जुन्या तेलरंगातलं शिसं. दारांवर रंगाचे अनेक थर असतील तर कोरडं घासकाम आणि ब्लोटॉर्च दोन्ही टाळा. पृष्ठभाग ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, कचरा पिशवीत बंद करा. त्या काळात लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया घरात नसाव्यात.

कागदांत हे जमवून ठेवा: मंजूर झालेला मूळ नकाशा, हद्दीचा नकाशा, पाणी व सांडपाण्याच्या जोडणीचा आराखडा, विजेचा मंजूर भार आणि घराचा विमा असेल तर त्याच्या अटी. भिंत पाडणं, बांधकाम वाढवणं, कुंपणाची भिंत, सांडपाण्याची लाइन हलवणं किंवा झाड तोडणं यांना बहुतेक ठिकाणी परवानगी लागते. आधी विचारा. झालेलं काम पाडायला लागण्याचा खर्च कोणत्याच बजेटमध्ये बसत नाही.

३. बजेट आणि अवजारं

दोषांची यादी तीन रकान्यांत वाटा. पहिल्यात पाणी, वीज आणि घराचा सांगाडा. दुसऱ्यात भिंत-फरशी उघडी असतानाच करता येण्यासारखी कामं. तिसऱ्यात जे नुसतं कुरूप आहे ते. पैसे पहिल्या रकान्यापासून खर्च करा आणि एकूण अंदाजाच्या १५ ते २० टक्के रक्कम बाजूला ठेवा. गिलावा काढल्यावर आत काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं.

काटकसर कुठे करायची याचा एक सोपा नियम: जे भिंतीत किंवा फरशीखाली गाडलं जाणार, ते चांगलं घ्या. वायर, पाइप, व्हॉल्व्ह, वॉटरप्रूफिंग. दिवे, मुठी, कपाटांची दारं नंतर कधीही बदलता येतात, तिथे हात आखडता घ्या.

विकत घेण्यासारखी अवजारं अशी:

- ६० सेंमीची पाणसळ, पारदर्शक लेव्हल ट्यूब (१० मीटर), ओळंबा, गुण्या, टेप
- थापी, गिलाव्याचा लाकडी रंधा, दीड ते दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी, घमेली, फावडं, कुदळ
- छिन्नी, हातोडा, तारेचा ब्रश, पत्रा (खरवडण्याचा आणि पुट्टीचा)
- ड्रिल मशीन, व्होल्टेज टेस्टर
- चष्मा, रबरी हातमोजे, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, टणक तळव्याचे बूट

टाइल कटर, ब्रेकर, काँक्रीट मिक्सर आणि परांची भाड्याने आणा. भाडं दिवसावर असतं, म्हणून त्या अवजाराची सगळ्या घरातली कामं एकाच वेळी उरका. ओलं सिमेंट कातडी जाळतं हे नवख्यांना संध्याकाळी कळतं, तेव्हा हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला.

४. पाणी घराबाहेर काढा

सपाट गच्चीचा उतार किमान १:१००, म्हणजे मीटरमागे १ सेंमी, पाहिजे. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही जिथे डबकं राहतं तिथे उतार बिघडलाय. तो आधी सिमेंटच्या थराने दुरुस्त करा, मग वॉटरप्रूफ कोटिंग. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो काटकोन ही गळतीची सगळ्यात आवडती जागा. तिथे साधारण ७५ मिमीचा गोलसर वाटा (कोपरा भरणारी सिमेंटची गोलाई) मारा. भेगा व्ही आकारात ८-१० मिमी खोल उघडून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरा. कोटिंगचे दोन हात एकमेकांना आडवे-उभे मारा आणि वाट्यावर, पाइपांच्या तोंडाशी मधे फायबरची जाळी बसवा. सुकल्यावर आउटलेट बंद करून २५ मिमी पाणी ४८ तास साठवून ठेवा आणि खालून छत बघत राहा. २५ मिमी पाण्याचं वजन दर चौरस मीटरला २५ किलो होतं. छत आधीच कमकुवत वाटत असेल तर ही चाचणी करू नका.

कौलारू छताला दिवसा आतून बघा. उजेडाचे ठिपके दिसतात तिथून पाणी येतं. फुटकी कौलं बदलताना कौलांवर थेट पाय देऊ नका. खालच्या वाशांवर भार जाईल अशी शिडी किंवा फळी आडवी टाका.

पन्हळीला मीटरमागे ५ मिमीपर्यंत उतार पुरतो. ती मधे पोटात झुकू नये म्हणून कंस ६० ते ९० सेंमीवर लावा. खाली येणाऱ्या पाइपाचं तोंड पायापासून किमान दीड-दोन मीटर दूर काढा किंवा टाकीत सोडा.

आता घराभोवतालची जमीन. कालांतराने माती साचून भिंतीशी चढते आणि जोत्यातला ओलरोधक थर तिच्याखाली गाडला जातो. मग पाणी त्या थराला वळसा घालून भिंतीत शिरतं आणि लोक महागडी रसायनं टोचत बसतात. फावडं घ्या. बाहेरची माती ओलरोधक थराच्या १५ सेंमी खाली आणा आणि पहिल्या दोन-तीन मीटरात जमिनीला भिंतीपासून दूर १:२० उतार द्या. बऱ्याच घरांत आतली ओल एवढ्यानेच कमी होते. फक्त भिंत वाळायला वेळ द्या: वीतभर जाडीची भिंत वाळायला महिने लागतात.

हे खोदकाम करताना वरची १५ ते २० सेंमी काळी माती वेगळी काढून कोपऱ्यात झाकून ठेवा. बागेला लागणारी सगळ्यात महाग वस्तू तीच आहे, आणि ती तुमच्याकडे फुकट आहे. वाळू-विटांचा ढीग आणि सिमेंट कालवायची जागाही आजच ठरवा. ती झाडाच्या फांद्यांच्या घेराखाली नको, कारण झाडाची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरातच पसरलेली असतात आणि वजनाने माती दबली की गुदमरतात.

५. भिंतीच्या आतलं काम

वायरिंगची आखणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. झिऱ्या (वायर-पाइपसाठी भिंतीतल्या खाचा) पाडणं, पाइप बसवणं, बुजवणं ही अंगमेहनत तुमची. घरगुती कामात साधारणपणे दिव्यांना १.५ चौरस मिमी, सॉकेटना २.५ आणि गीझर किंवा एसीला ४ चौरस मिमी तांब्याची वायर घालतात. नेमका आकार भार आणि अंतर पाहून इलेक्ट्रिशियनच ठरवेल. अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) यांवर वाद घालू नका. त्याचं टेस्ट बटण दर तीन महिन्यांनी दाबून बघायचं असतं.

उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा. आडवी झिरी भिंतीला कमकुवत करते, म्हणून ती शक्यतो टाळाच. तिरपी झिरी कधीच नको: पुढे कुणी खिळा ठोकेल तेव्हा वायर बटणाच्या सरळ वर किंवा खाली असेल असंच धरून ठोकेल. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून, मापं दिसतील असे फोटो काढा. पुढची कित्येक वर्षं ते उपयोगी पडतात.

नळाचे पाइप बसल्यावर तोंडं बंद करा, हातपंपाने नेहमीच्या दीडपट दाब द्या आणि गेजचा काटा दोन तास जागचा हलत नाही हे बघा. ही चाचणी टाइल लावण्याआधी. नंतर तिचा उपयोग नाही. गरम पाण्याला सीपीव्हीसी वापरा, साधा यूपीव्हीसी गरम पाण्याने नरम पडतो. दोघांचा सॉल्व्हंट सिमेंटही (सांधे चिकटवायचा गोंद) वेगळा असतो. प्रत्येक न्हाणीघराला स्वतंत्र बंद करायचा व्हॉल्व्ह ठेवा. सांडपाण्याच्या ४०-५० मिमी पाइपाला १:४० उतार द्या. कमी दिला तर गाळ बसतो.

६. गिलावा

घरातलं सगळ्यात मेहनतीचं काम हेच आणि चुका इथेच सगळ्यात जास्त होतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी भिंत कशाची आहे ते पाहा. जुनी भिंत चुन्यात किंवा मातीत बांधलेली असेल तर तिला सिमेंटचा गिलावा करू नका. सिमेंटचा थर कडक आणि बंद असतो. भिंतीतली वाफ बाहेर पडू शकत नाही, ओल आत अडकते आणि वर्ष-दोन वर्षांत पोपडे धरतात. तिथे चुन्याचाच गिलावा पाहिजे. लोणा लागला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात.

सिमेंटच्या भिंतीसाठी पद्धत अशी. खडूने खूण केलेला पोकळ गिलावा घट्ट कडेपर्यंत तोडा. विटांच्या दरजा १०-१२ मिमी खोल खरवडा, धूळ झाडा. काँक्रीट गुळगुळीत असेल तर त्याला छिन्नीने टोचे मारा. वीट आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथे दोन्हीकडे १५ सेंमी जाईल अशी कोंबडी-जाळी खिळ्यांनी ठोका, नाहीतर त्या सांध्यावर भेग पडणारच. आदल्या दिवशी भिंत भिजवा. काम सुरू करताना ती दमट हवी, वाहती नको.

वाळूची परीक्षा घ्या. पारदर्शक बाटलीत अर्धी वाळू, त्यावर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर बसलेला चिखलाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जाड असेल तर वाळू धुवावी लागेल किंवा परत करावी लागेल. ओलसर वाळू फुगलेली असते, तिचं आकारमान २०-३० टक्क्यांपर्यंत वाढतं. सिमेंटच्या एका घमेल्याला ओल्या वाळूची तीच सहा घमेली घेतलीत तर खरी वाळू कमी पडते आणि माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) तिखट, म्हणजे जास्त सिमेंटचा, होऊन तडकतो.

आतल्या भिंतीला १:६ चा माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) आणि १२ मिमी जाडी. बाहेरच्या भिंतीला १:४, दोन थरांत मिळून साधारण २० मिमी. हिशोब असा: १० चौरस मीटर भिंतीला १२ मिमी म्हणजे ०.१२ घनमीटर ओला माल. भिंतीचे खड्डे आणि नासाडी धरून २० टक्के वाढवा, मग कोरड्या आकारमानासाठी १.३३ ने गुणा. साधारण ०.१९ घनमीटर येतात. त्याचा सातवा भाग सिमेंट, म्हणजे सुमारे ०.०२७ घनमीटर. ५० किलोची गोणी सुमारे ०.०३५ घनमीटर भरते, तेव्हा पाऊण गोणीपेक्षा थोडं जास्त सिमेंट लागेल आणि ०.१६ घनमीटर वाळू.

माल कोरडाच दोन-तीनदा पालथा करून एकसारख्या रंगाचा करा, मग पाणी. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो वापरणं हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात वाईट शॉर्टकट आहे.

भिंतीवर दीड-दीड मीटरवर जाडीचे ठिपके बसवून ओळंब्यात आणा. मधला भाग माल जोराने मारून भरा. हलक्या हाताने चोपडलेला माल विटेला धरत नाही. पट्टी खालून वर, नागमोडी ओढत जादाचा माल काढा, मग लाकडी रंधा गोल फिरवा. पृष्ठभाग लवकर सुकावा म्हणून वर कोरडं सिमेंट भुरभुरवू नका, त्याने बारीक जाळीदार तडे पडतात. दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस गिलावा सतत ओला ठेवा. दिवसातून एकदा बादलीभर पाणी मारून भागत नाही. ऊन असेल तर गोणपाट लटकवा.

७. न्हाणीघर आणि फरशी

न्हाणीघराचा उतार पाणी जायच्या जाळीकडे १:८० ते १:६०. कोपऱ्यांत जाळीपट्टी बसवून दोन घटकांचं सिमेंट-ॲक्रिलिक कोटिंग दोन हातांनी द्या. जमिनीवर सगळीकडे, भिंतींवर किमान ३० सेंमी आणि शॉवरच्या भागात १.८ मीटर उंचीपर्यंत. पाणी जायची जाळी बंद करून २४ तास पाणी साठवा. खालचं छत कोरडं राहिलं तरच पुढे जा.

टाइल मोजलेल्या क्षेत्रफळापेक्षा १० टक्के जास्त घ्या, तिरक्या मांडणीला १५ टक्के. सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच असल्याची खात्री करा. सुरुवात खोलीच्या मध्यरेषांपासून, आधी कोरडी मांडणी करून, म्हणजे दोन्ही कडांना सारखे तुकडे येतात. दातेरी थापीने ॲडहेसिव्ह एकाच दिशेने ओढा. अधूनमधून एखादी टाइल उचलून मागची बाजू पाहा. ती जवळजवळ पूर्ण माखलेली हवी. चार कोपऱ्यांना चार गोळे लावून बसवलेली टाइल पहिली जड वस्तू पडली की फुटते. टाइलांमध्ये २-३ मिमी, आणि भिंतीच्या कडेला ६-८ मिमी फट ठेवा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते आणि फरशी उन्हाने प्रसरण पावली तरी उचलत नाही. टाइलांमधल्या फटी भरायचं ग्राउट २४ तासांनी.

८. दारं-खिडक्या

दमट दिवसांत अडकणारं दार लगेच रंधून टाकू नका, कोरड्या दिवसांत ते ढिलं होईल. आधी बिजागरीचे स्क्रू तपासा. भोकं सैल झाली असतील तर त्यांत लाकडाच्या बारीक काड्या आणि लाकडाचा डिंक ठोकून भरा आणि स्क्रू पुन्हा बसवा. अर्धीअधिक दारं एवढ्याने सरळ होतात. रंगवताना दाराची खालची आणि वरची कड विसरू नका, लाकूड तिथूनच पाणी पितं.

९. रंग

नव्या सिमेंट गिलाव्याला २८ दिवस तरी होऊ द्या. त्याआधी ओल आणि अल्कली रंगाला पापुद्र्यासारखी सोडवतात. बुरशी असेल तर ओलीचं कारण दूर करून मगच धुवा. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रंगाचा अंदाज: ४ × ३ मीटरची, ३ मीटर उंच खोली. भिंती ४२ चौरस मीटर, दार-खिडक्यांचे ५ वजा करून ३७. दोन हात म्हणजे ७४. लिटरमागे एका हाताला सुमारे १० चौरस मीटर धरले तर साडेसात लिटर. दोन डबे वेगळ्या वेळी घेतले असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या. छत आधी, मग भिंती, शेवटी लाकूडकाम. पुट्टी पातळ थरांत लावा. जाड थर आकसून सुटतो.

खर्च अगदीच कमी करायचा असेल तर चुना. दुधासारखा पातळ करून, दमट भिंतीवर, तीन-चार हात. लावताना भिंत पारदर्शक दिसते म्हणून घाबरून घट्ट करू नका. घट्ट चुना भुकटी होऊन अंगाला लागतो. प्लॅस्टिक इमल्शनवर चुना धरत नाही, त्यासाठी जुना रंग पूर्ण उतरवावा लागतो.

१०. बाग

बांधकामाचा शेवटचा राडारोडा उचलल्यावरच बाग सुरू करा. विटांचा चुरा वाटेच्या पायात वापरता येतो. सिमेंटचा गिलावा आणि चुना वाफ्यात मिसळू देऊ नका, माती अल्कधर्मी होते आणि पानं पिवळी पडतात.

आधी माती किती पाणी पिते ते मोजा. ३० सेंमी लांब-रुंद-खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते पाहा. २.५ सेंमी किंवा जास्त उतरली तर ठीक. १ सेंमीपेक्षा कमी असेल तर पाणी साचतं. अशा जागी उंच वाफे करा किंवा पाणी सहन करणारी झाडं निवडा. पोत कळण्यासाठी बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवा: रेती मिनिटाभरात बसते, गाळ दोनेक तासांत, आणि चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात. चिकणमातीत थोडी वाळू घालून ती मोकळी होते हा गैरसमज आहे, ती उलट विटेसारखी घट्ट होते. तिला कंपोस्टच लागतं.

तणाने भरलेली जागा खणू नका. खणल्याने खालचं बी वर येतं. तण कापा, चिकटपट्टी काढलेले पुठ्ठे १५ सेंमी एकमेकांवर येतील असे अंथरा, भिजवा आणि वर १० सेंमी पालापाचोळा टाका. दोन-तीन महिन्यांत खालचं बरंचसं तण मरतं. लव्हाळा-हरळीसारखं गाठी-मुळांचं तण मात्र पुन्हा डोकावतं, ते दिसेल तसं उपटत राहावं लागतं.

साठवलेली काळी माती आता पसरा आणि वरच्या २० सेंमीत ५ सेंमी कंपोस्ट मिसळा. १० चौरस मीटरला अर्धा घनमीटर लागेल. एवढं विकत घेणं महाग पडतं, म्हणून कंपोस्टचा ढीग दुरुस्तीच्या पहिल्याच महिन्यात घालून ठेवा: आकारमानाने दोन-तीन भाग वाळका पाला, एक भाग हिरवा ओला कचरा, मीटरभर लांब-रुंद-उंच. मुठीत दाबल्यावर जेमतेम एखादा थेंब पडेल इतकाच ओला. वास आला तर वाळका पाला वाढवा आणि उलथा. नुसताच पडून राहिला, तापलाच नाही, तर पाणी किंवा हिरवा कचरा कमी आहे.

वाटेसाठी १५-२० सेंमी खोदा, १० सेंमी विटांचा चुरा दोन थरांत धुमसून बसवा, वर ३-४ सेंमी वाळू, मग फरश्या. दोन्ही कडांना विटा उभ्या गाडा, नाहीतर वाट बाजूला पसरत जाते. उतार १:५०, घरापासून दूर.

मोठी होणारी झाडं घरापासून किमान पाच मीटर लांब लावा, चिकणमातीत त्याहून लांब. मुळं पाणी ओढतात, माती आकसते आणि त्यासोबत पायाही खचू शकतो. रोपाच्या मूळ मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एकच ठेवा. खोडाभोवती मातीचा ढीग केला तर साल कुजते. आच्छादन ५ ते ८ सेंमी जाड, पण खोडापासून १० सेंमी अंतरावर.

पाण्यासाठी छताचा हिशोब करा: १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ५० चौरस मीटरच्या छतावर २० मिमी पाऊस झाला तर नासाडी वजा करून साधारण ८०० लिटर टाकीत येतात. टाकी दोन मीटर उंचावर असेल तर ठिबकला फक्त ०.२ बार दाब मिळतो. एवढ्यात दाब-नियंत्रित ड्रिपर नीट चालत नाहीत, साधे घ्या आणि १६ मिमीच्या नळ्यांची लांबी आखूड ठेवा. टाकीच्या तोंडाशी गाळणी लावा. महिन्यातून एकदा प्रत्येक नळीचं शेवटचं टोक उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. ड्रिपर बंद पडला की रोप सुकल्यावरच कळतं, म्हणून त्याच वेळी प्रत्येक रोपाशी थेंब पडतोय ना तेही बघून घ्या.